सही कुणाची, शाई कुणाची

सिनेमाच्या आधी जो सिनेमा असतो, त्याचा मी जुना भक्त आहे. म्हणजे सिंह डरकाळी फोडतो, कोंबडा आरवतो, एखादी बाई मशाल उंच धरून उभी असते, आपल्या 'प्रभात'ची ललना पाठीला बाक देऊन तुतारी फुंकते, ते सगळं. गोष्ट अजून सुरूच झालेली नसते, त्यामुळे ती फसण्याची भीती नसते. साखरपुडा आणि लग्न यांच्यामधल्या काळात माणूस जसा सुखी असतो, तसं हे सुख.

त्यातही कार्टून काढणाऱ्या स्टुडिओंचे शिक्के मला अधिक प्रिय. इतरांचे शिक्के सरकारी शिक्क्यासारखे गंभीर असतात. कार्टूनवाल्यांच्या हातात पेन्सिल असल्यामुळे त्यांना स्वस्थ बसवत नाही. ते आपल्या पाटीलाही नाचवतात, उडवतात, आणि दर दहा-वीस वर्षांनी तिला नवे कपडे शिवतात. पाटीचे कपडे कसे बदलत गेले हे बघत बसलं, की घरात काय काय घडून गेलं तेही कळतं. आमच्या वाड्यातल्या दारांवरच्या पाट्यांवरून मला भाऊबंदकीचा सगळा इतिहास पाठ होता.

हल्ली हे सुख मिळत नाही, कारण रिमोट नातवाच्या हातात असतो. शिक्का पडद्यावर यायला लागला, की तो कळ दाबून पुढे पळतो. मी कुरकुर केली, तर म्हणतो, "आजोबा, त्यात काही होत नाही. नुसतं नाव येतं."

नुसतं नाव! लग्नपत्रिकेत काकांचं नाव राहिलं म्हणून ज्या घरात दोन पिढ्या बोलाचाली बंद असते, त्या समाजातला हा मुलगा. त्याला काय सांगायचं, की बाबा रे, त्या पाच-सात सेकंदांत जगातला एक फार जुना खटला चाललेला असतो. खटल्याचा विषय एवढाच : हे कुणाचं? ज्यानं काढलं त्याचं, ज्यानं काढवून घेतलं त्याचं, की ज्यानं पैसे दिले त्याचं?

डिस्नेंचंच घ्या. १९२८ साली मिकी माउसचा 'स्टीमबोट विली' आला. त्याच्या आरंभीच्या पाटीवर दोन नावं आहेत. वर वॉल्ट डिस्ने आणि खाली अब आयवर्क्स. हे आयवर्क्स म्हणजे डिस्नेंचे कान्सास सिटीपासूनचे दोस्त आणि मिकीला प्रत्यक्ष कागदावर उतरवणारा हात. हा गृहस्थ दिवसाला सातशे चित्रं काढायचा असं सांगतात. आमच्या ऑफिसात दिवसाला सात पत्रं टाइप झाली, तर लोक चहा मागवून साजरं करीत. असा हात ज्याच्याकडे होता, त्यानं १९३० साली स्टुडिओ सोडला आणि स्वतःच्या नावाचा संसार थाटला. तो संसार काही फुलला नाही. १९४० साली आयवर्क्स परत डिस्नेंकडे आले आणि पुढे त्यांनी कॅमेऱ्याच्या आणि यंत्रांच्या करामतींत नाव काढलं. मिकीखालचं त्यांचं नाव मात्र लोकांच्या स्मरणातून पुसलं गेलं. वर एकच सही उरली. वळणदार, गोलमटोल, झोकदार.

त्या सहीची गंमत अशी, की ती वॉल्ट डिस्नेंच्या रोजच्या सहीसारखी नव्हती. स्टुडिओतल्या चित्रकारांनी ती घोटून घोटून देखणी केली होती, आणि साहेबांच्या वतीनं ती ठोकण्याची मुभाही एखाद्या चित्रकाराला होती. म्हणजे चित्र दुसऱ्याचं आणि चित्रावरची सहीसुद्धा दुसऱ्याचीच! वॉल्ट डिस्नेंचं त्यात काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तो एका लहान मुलालाही पडला होता. डिस्ने स्वतःच ही हकिगत सांगत असत. मुलानं विचारलं, मिकी तुम्हीच काढता ना? ते म्हणाले, आता नाही काढत. मग त्यातले विनोद तरी तुम्ही रचता? तेही नाही. मग तुम्ही करता तरी काय? यावर डिस्ने म्हणाले, की मी मधमाशीसारखा आहे, या खोलीतून त्या खोलीत जातो, इथले परागकण तिथे नेतो आणि सगळ्यांना हुशारी आणतो.

उत्तर उडवाउडवीचं वाटेल, पण ते खोटं नाही. शंभर गुणी माणसं एका छपराखाली कोंडली की कलाकृती होते असं नाही. बहुधा गणेशोत्सव मंडळाची कार्यकारिणी होते. त्या शंभरांकडून एक गोष्ट करवून घेणं हीसुद्धा कला आहे. मधमाशीबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच, की बरणीवर फक्त माशीचं नाव का? फुलांचं का नाही?

हा प्रश्न फुलांनीही विचारला. १९४१ सालच्या मे महिन्यात डिस्नेंच्या शेकडो चित्रकारांनी संप केला आणि स्टुडिओच्या फाटकासमोर फलक घेऊन उभे राहिले. चित्रकारांचा संप म्हटल्यावर फलकही फार सुबक होते. पगाराचं भांडण होतं, वागणुकीचं होतं आणि नावाचंही होतं. तोवर डिस्नेंच्या छोट्या कार्टूनांवर चित्रकारांची नावं नसत. १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट'च्या पाट्यांवर बऱ्याच जणांची नावं आली. पण ज्या बायकांनी सेल्युलॉइडच्या पारदर्शक तुकड्यांवर हातानं शाईच्या रेघा ओढल्या आणि मागून रंग भरले, त्यांची नावं नाहीत. राजकन्येच्या गालावरचा गुलाबी रंग ज्यांच्या बोटांतून आला, त्या बायका पडद्यावर अनामिक. आमची सौ. हे ऐकून म्हणाली, "त्यात नवल काय? पुरणपोळ्या मी करते आणि पाहुणे तुम्हाला म्हणतात, वा, झकास बेत झाला!"

मी विषय बदलला.

वॉल्ट डिस्ने १९६६ साली गेले. सही मात्र राहिली. उलट १९८५ साली तिला राहायला किल्ला मिळाला. निळ्या पडद्यावर पांढरा किल्ला, त्यावरून एक प्रकाशाची कमान सर्रकन उमटते आणि खाली नाव, 'वॉल्ट डिस्ने पिक्चर्स'. २००६ साली किल्ल्याची दुरुस्ती निघाली. कॉम्प्युटरवर बांधलेला नवा किल्ला आला. त्यापुढे नदी, नदीत होडी, शेजारून धुराची आगगाडी, वर फडकता झेंडा आणि आकाशात दारूकाम. राजवाड्याला लागून रेल्वेलाईन म्हणजे जागा स्वस्तात मिळालेली दिसते. मग २०११ पासून पाटी आखूड झाली. 'वॉल्ट' गेलं, 'पिक्चर्स'ही गेलं, 'डिस्ने' तेवढं राहिलं.

तुम्ही म्हणाल, दोन शब्द गेले तर बिघडलं कुठे? पण दुकानाच्या पाटीवरचं पहिलं नाव पुसलं, की त्यातला माणूस जातो आणि दुकान उरतं. 'वॉल्ट'ला कुणी तरी रस्त्यात गाठून विचारू शकलं असतं, की का हो, माझं नाव का नाही? 'डिस्ने'ला कुठे गाठणार? किल्ल्यात फोन केला तर पलीकडून संगीत ऐकू येईल.

आता इथे मला आमचं ऑफिस आठवतं. ऑफिस कुठलं ते विचारू नका, सगळी सारखीच असतात. मसुदा आम्ही करायचा, सही साहेबांची व्हायची. यात अन्याय आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. ती रीतच होती. पण मसुदा वरच्यांना पसंत पडला, की साहेब म्हणायचे, "मी लिहिलं होतं." आणि त्यात चूक निघाली, की विचारायचे, "हे लिहिलं कुणी?" शाबासकी जिना चढून वर जायची आणि ठपका लिफ्टनं खाली यायचा. तीस वर्षं हे पाहिल्यावर माझं एक साधं तत्त्वज्ञान तयार झालं आहे. सही करणाऱ्यानं शाई स्वतःची वापरलीच पाहिजे असं नाही. पण सही केली, की खालची चूकही आपली म्हणायची. नाव वर न्यायचं असेल, तर जबाबदारीही वर न्यावी. तेवढी तयारी असेल तर खुशाल किल्ला बांधा.

आपल्या संतांना हे किती सहज कळलं होतं बघा. अभंगात नाव येतं ते शेवटी. आधी सांगायचं ते सांगून झालं, की मग 'तुका म्हणे'. ती नाममुद्रा म्हणजे नुसती मालकीची खूण नव्हे, जबानी आहे. हे मी म्हणतो आहे, काय विचारायचं ते मला विचारा. आणि लोकांनी विचारलंही. ज्याचं नाव त्याच्याच वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असं परंपरा सांगते. आणि नामदेवांच्या नावावर जे अभंग आहेत, त्यांतले काही नंतरच्या दुसऱ्या 'नाम्यां'चे आहेत असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे स्टुडिओत मोठा माणूस लहानांच्या चित्रावर आपलं नाव घालत होता आणि आपल्याकडे एखादा आपला अभंग मोठ्याच्या नावात विरघळू देत होता. यातलं चांगलं कोणतं ते मला ठरवता येत नाही. पण दुसऱ्यात निदान ज्याची शाई होती त्याचीच इच्छा होती.

टॉम आणि जेरीच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. मुंबईला धोबी तलावाच्या 'मेट्रो'त सिंहाची डरकाळी ऐकून ज्यांचं बालपण गेलं, त्यांना सांगायला नको, की हा सिंह एमजीएमचा. 'मेट्रो'ही त्यांनीच १९३८ साली बांधलेलं. सिंहाभोवतीच्या फिल्मच्या कड्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं असतं, 'कलेसाठी कला'. म्हणजे फडके-खांडेकर वादात सिंह फडक्यांच्या बाजूचा! त्याच कंपनीत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोन तरुणांनी १९४० साली एका मांजराचं आणि उंदराचं कार्टून केलं. मांजराचं नाव तेव्हा जॅस्पर होतं. कार्टून ऑस्करच्या यादीपर्यंत पोचलं. पण पडद्यावर या दोघांची नावंच नव्हती. नाव होतं विभागाचे वरिष्ठ रुडॉल्फ आयसिंग यांचं. पुढे जॅस्परचा टॉम झाला, दोघांची नावंही पडद्यावर आली आणि या मालिकेला सात ऑस्कर मिळाली. ती घ्यायला व्यासपीठावर कोण जायचं? निर्माते फ्रेड क्विम्बी. सातही बाहुल्या त्यांनी घेतल्या. उंदीर-मांजराच्या भांडणात लोणी कुणाच्या पदरात पडतं, हे आपल्याला पंचतंत्रापासून माहीत आहे.

१९५७ साली हिशेबनिसांच्या ध्यानात आलं, की जुनीच कार्टूनं पुन्हा फिरवली तरी पैसे येतात. झालं! कार्टूनचा विभाग बंद. सिंहाभोवतीचं कडं कलेसाठीच होतं, पण चाव्या कॅशियरकडे होत्या. पुढे १९६३ पासून दुसऱ्या एका कलावंतानं, चक जोन्सनं, नवी टॉम-जेरी कार्टूनं काढली, तेव्हा त्यानं सुरुवातीच्या शिक्क्यात एक खट्याळपणा केला. सिंह डरकाळी फोडतो, अंतर्धान पावतो आणि त्याच कड्यात टॉमचं डोकं प्रकट होऊन केकाटतं. साहेब रजेवर गेल्यावर शिपायानं त्यांच्या खुर्चीत बसून एकदा घंटी वाजवून बघावी तसं. जगातल्या सगळ्या शिक्क्यांत हा मला सगळ्यात लोकशाहीवादी वाटतो.

नोकरी गेल्यावर हॅना आणि बार्बेरा यांनी स्वतःची कंपनी काढली. आता पाटीवर नाव कुणाचं आधी? आपल्याकडे या प्रश्नावर भागीदारी सुरू होण्याआधी मोडली असती. त्या दोघांनी नाणं उडवलं. हॅना जिंकले, म्हणून हॅना-बार्बेरा. मोठेपणाचा वाद मिटवण्याची इतकी स्वस्त आणि इतकी निष्पाप रीत माझ्या ऐकण्यात दुसरी नाही. पुढे या पाटीनंही अनेक रूपं घेतली. १९७९ साली काळोखातून रंगीत रेघा वळणं घेत यायच्या आणि त्यांची चांदणी व्हायची, असा एक शिक्का आला. भारतात १९९५ साली कार्टून नेटवर्क आल्यावर ज्यांनी शाळेचा अभ्यास बुडवला, त्यांना ती चांदणी गृहपाठापेक्षा चांगली आठवेल.

हॅना २००१ साली गेले, बार्बेरा २००६ साली. कंपनी त्याआधीच विकली गेली होती आणि २००१ साली वॉर्नर ब्रदर्समध्ये विरून गेली. आणि मग २०२१ साली लंडनच्या एका स्टुडिओला 'हॅना-बार्बेरा' हे नाव पुन्हा देण्यात आलं. माळ्यावरची जुनी पाटी काढून, पुसून, नव्या बिऱ्हाडाच्या दाराला लावली. आत राहणारे वेगळे, आडनाव जुनं. नाणं उडवणारे दोघेही नाहीत, पण नाण्याचा निकाल अजून लागू आहे.

तिकडे डिस्नेंच्या घरी याहून मोठी गंमत झाली. २००७ पासून त्यांच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा जो वेगळा शिक्का आला, त्यात 'स्टीमबोट विली'तला मिकी सुकाणू धरून शीळ घालतो. तीच १९२८ ची चित्रं! ज्या हाताचं नाव पाटीवरून गेलं, तो हातच पाटी होऊन परत आला. आयवर्क्स १९७१ साली वारले होते, नाहीतर त्यांनीही एक शीळ घातली असती. पुढे १ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत त्या कार्टूनचे हक्क संपले. शिक्का कंपनीचा राहिला, चित्र सर्वांचं झालं. म्हणजे खटला पंच्याण्णव वर्षं चालला आणि निकाल लागला तो असा, की वादीचंही नाही, प्रतिवादीचंही नाही, मामला गावकीचा!

या सगळ्यांत वेदान्त कुणाला कळला असेल तर 'पिक्सार'च्या दिव्याला. टेबलावरचा एक साधा वाकडा दिवा. १९८६ सालच्या एका छोट्या चित्रपटातून तो आला आणि १९९५ सालच्या 'टॉय स्टोरी'पासून शिक्क्यात नोकरीला लागला. तो उड्या मारीत येतो, नावातल्या इंग्रजी 'आय' या अक्षरावर चढतो आणि त्याला दाबून सपाट करून टाकतो. इंग्रजीत 'आय' म्हणजे 'मी'. मी सपाट झाला आणि त्या जागी दिवा उभा राहिला! कीर्तनकाराला यापेक्षा अधिक काय लागतं? आता दिवा 'मी'च्या जागेवर स्वतः जाऊन उभा राहतो, हा भाग कीर्तनकारानं झाकून ठेवावा.

पण त्याच 'टॉय स्टोरी'च्या शेवटी जी नामावळी येते, तिच्यात एक गोड यादी आहे. चित्रपट तयार होत असताना तिथल्या कामगारांच्या घरी जी बाळं जन्मली, त्यांची नावं. पुढे ही प्रथाच पडली. कुठे रंग भरणाऱ्या त्या अनामिक बायका आणि कुठे पाळण्यात झोपून नाव कमावणारी ही बाळं! चित्रपटात त्यांची कामगिरी एवढीच, की आईबापांना रात्रभर जागं ठेवलं. पण मला त्यात अन्याय दिसत नाही. काम करणाऱ्या हातामागे एक घर असतं, तिथे कुणी तरी रडतं, कुणी तरी वाट बघतं, एवढं पाटीनं कबूल केलं.

आपल्याकडेही हा हिशेब बाकीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट केला. काड्यांना हलवून नाचवणारा. तो आज पाहायला मिळत नाही, पण नाव तरी राहिलं. आणि 'एक अनेक और एकता'? १९७४ साली फिल्म्स डिव्हिजननं काढलेलं ते छोटं कार्टून दूरदर्शनवर इतक्या वेळा लागलं, की चिमण्यांचं ते गाणं चाळिशी-पन्नाशीतल्या कुणालाही झोपेतून उठवून म्हणायला सांगा, म्हणतील. पण ते कुणी केलं विचारा, गाणं थांबतं. दिग्दर्शन विजया मुळे यांचं होतं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. फिल्म्स डिव्हिजनही २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पाटी उतरली, गाणं राहिलं. पाटीपेक्षा गाणं राहिलेलं बरं, हे खरंच. पण नाव माहीत असतं, तर गाणं बेसूर होणार होतं थोडंच?

परवा नातवाबरोबर असाच एक कार्टूनपट पाहिला. संपल्यावर नावांची रांग सुरू झाली. शेकडो नावं, मुंग्यांच्या वारुळासारखी. लगेच ती रांग पडद्याच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी झाली आणि पुढचा कार्यक्रम पाच सेकंदांत सुरू होईल अशी धमकी आली. मी म्हटलं, "थांब जरा, वाचू दे."

"तुम्ही ओळखता का यांना?" नातवानं विचारलं.

"नाही."

"मग कशाला वाचायचं?"

मी तत्त्वज्ञान सुरू करणार होतो. मधमाशी, किल्ला, तुका म्हणे, सगळं जिभेवर होतं. पण सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "का रे? लग्नाला जातोस तेव्हा पंगतीत वाढणाऱ्या सगळ्यांना ओळखतोस का? तरी उठताना छान झालं म्हणतोसच ना?"

नातवानं थोडा विचार केला आणि रांग पुन्हा मोठी केली. आम्ही तिघं नावं वाचत बसलो. बाळांची यादी आल्यावर त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली.